सभा आपली, सभागृह दुसऱ्याचे

सभागृहाच्या भाड्याचा छापील अर्ज भरून देण्याचा प्रसंग सार्वजनिक कामाची हौस असलेल्या प्रत्येकावर केव्हा ना केव्हा येतो. अर्जाच्या दर्शनी बाजूस कार्यक्रमाचे स्वरूप, तारीख, वेळ, भाडे आणि अनामत रक्कम एवढ्या गोष्टी असतात. त्या आपण काळजीपूर्वक भरतो. पाठीमागे बारीक टाइपात वीस-पंचवीस नियम असतात; ते आपण वाचत नाही. त्या नियमांखाली ‘वरील सर्व नियम मला मान्य आहेत’ असे एक वाक्य असते आणि त्याच्याखाली सहीची जागा. तेथे सही करणारा मनुष्य बहुधा मंडळीतला सर्वांत उत्साही, आणि म्हणूनच सर्वांत घाईत असलेला असतो. आपण नेमके काय मान्य केले हे त्याला कळते ते काही विपरीत घडल्यावर. ते त्याला थोडे आधी कळावे, एवढ्यासाठी हा विषय मी निवडला आहे.

विषय जुनाच आहे. पण अलीकडे त्याला एक नवी धार आली आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे सभा भरवायची म्हणजे तिच्यामागे एखादी संस्था असायची, तिला घटना असायची, कार्यवाह आणि खजिनदार असायचे, अशी समजूत आहे. आजचे चित्र निराळे आहे. मोबाइलवर एखादा गट तयार होतो. कोणी जुन्या नाट्यगीतांचे चाहते, कोणी किल्ले हिंडणारे, कोणी एकच पुस्तक महिनाभर वाचून त्यावर चर्चा करणारे. वर्ष-दोन वर्षे ही मंडळी पडद्यावरच बोलतात, आणि मग एके दिवशी कोणी म्हणतो, ‘आता एकदा प्रत्यक्ष भेटू या.’ सव्वाशे माणसे येतो म्हणतात. एक जण पुढाकार घेतो, वर्गणी त्याच्या खात्यावर जमा होते, तो सभागृह ठरवतो आणि अर्जावर सही करतो. ह्या गटाला घटना नाही, नोंदणी नाही. पुष्कळदा सभासदांना एकमेकांची आडनावेदेखील ठाऊक नसतात. त्या सभेत व्यासपीठाची फळी मोडून कोणाचा पाय मोडला, तर दावा कोणावर करायचा?

कायद्याचे उत्तर सरळ आहे. ‘गट’ नावाची व्यक्ती कायद्याला दिसत नाही. त्याला माणसे दिसतात. आणि त्या माणसांत सर्वांत ठळक दिसते ते सही करणाऱ्याचे नाव.

नोंदलेल्या संस्थेची गोष्ट वेगळी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसे एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. त्या कायद्याचे आठवे कलम कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे अशा योग्यतेचे आहे. संस्थेच्या वतीने ज्या पदाधिकाऱ्याच्या नावे दावा चालतो, त्याच्याविरुद्ध निकाल लागला तरी त्याची वसुली त्याच्या घरादारातून होत नाही. संस्थेच्या मालमत्तेतून होते, असे ते सांगते. अर्थात पदाधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने केलेल्या चुकीला हे कवच नाही. पण संस्थेच्या नावावर केलेल्या व्यवहारापायी एखाद्या कार्यवाहाला राहते घर विकण्याची पाळी येऊ नये, एवढी तजवीज त्यात आहे. महाराष्ट्रात अशा संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते आणि मग दरवर्षी हिशेब तपासून घेण्याचे काम मागे लागते. ह्या कटकटीला कंटाळून पुष्कळ मंडळी नोंदणीच करीत नाहीत. कटकट वाचते, आणि कवचही जाते.

नोंदणी नसलेल्या मंडळात जबाबदारी कोणापर्यंत पोचते, ह्याविषयी दोन इंग्रजी निकाल लक्षात ठेवण्याजोगे आहेत. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने ऑस्ट्रेलियातील एका क्लबच्या प्रकरणात सांगितले, की क्लबचा सामान्य सभासद आपल्या वर्गणीपलीकडे काही देणे लागत नाही; वर्गणी भरून चहा प्यायला येणाऱ्याने क्लबची सारी देणी पत्करली, असे कोणी समजू नये. हा झाला दिलासा. दुसरा निकाल १९४३ चा, आणि तो कोंबड्यांविषयी आहे. लँकेशरमधील कुक्कुटपालकांच्या एका संघाने सभासदांच्या कोंबड्यांची रक्ततपासणी करून देण्याचे काम घेतले होते. तपासणी करणाऱ्याच्या हयगयीने एका शेतावरच्या बऱ्याच कोंबड्या दगावल्या. संघ नोंदलेला नव्हता. न्यायालयाने सामान्य सभासदांना हात लावला नाही. पण त्या वेळी कार्यकारी मंडळावर जे होते, त्यांना व्यक्तिशः जबाबदार धरले. तेव्हा स्नेहमेळाव्यात ‘मी काही करणार नाही, पण समितीत माझे नाव घाला’ असे म्हणणाऱ्या सद्गृहस्थांनी ह्या कोंबड्यांचे स्मरण ठेवावे.

आता वास्तूकडे वळू. दुसऱ्याच्या जागेत आलेल्या माणसाला इजा झाली तर जागा ताब्यात असलेल्याने कितपत उत्तर द्यावे, ह्या प्रश्नाचा पाया १८६६ साली इंग्लंडात घातला गेला. साखरेच्या एका कारखान्यात कामासाठी आलेला गॅसजोडारी जमिनीतल्या एका उघड्या भोकातून खाली पडला. भोकाला कठडा नव्हता. न्यायालय म्हणाले, की कामासाठी बोलावून आणलेल्या माणसाला ज्या धोक्याची कल्पना असणे शक्य नाही, पण जागेच्या ताबेदाराला जो ठाऊक आहे किंवा असायला हवा, त्यापासून त्याचे रक्षण करण्याची वाजवी काळजी ताबेदाराने घेतली पाहिजे. इंग्लंडने १९५७ साली ह्या विषयाचा स्वतंत्र कायदाच केला. आपल्याकडे तसा कायदा नाही. आपली न्यायालये निष्काळजीपणाच्या सर्वसाधारण तत्त्वांवरून निर्णय देतात.

पण सभागृहाच्या बाबतीत ताबेदार कोण? मालक, की त्या संध्याकाळपुरते भाडे भरलेला? येथे १९६६ चा हाउस ऑफ लॉर्ड्सचा एक निकाल उपयोगी पडतो. एका मद्यगृहाच्या वरच्या मजल्यावर उतरलेला पाहुणा अंधारात मागच्या जिन्यावरून पडून मेला. जिन्याचा कठडा अपुरा होता आणि दिव्याचा बल्ब गायब होता. जागा मद्य गाळणाऱ्या कंपनीच्या मालकीची, चालवणारा तिचा व्यवस्थापक. न्यायमूर्तींनी सांगितले, की ‘ताबा’ हा एकाच्याच मुठीत असावा लागतो असे नाही. ज्याच्या हाती जितके नियंत्रण, त्याच्यावर तितकी जबाबदारी, आणि एका जागेला दोन ताबेदारही असू शकतात. त्या खटल्यात पुढे दोघांचीही चूक सिद्ध झाली नाही, हा भाग निराळा. हे तत्त्व आपल्या सभागृहाला लावून पाहिले तर हिशेब पुष्कळसा स्पष्ट होतो. छत, जिना, विजेच्या तारा, आग विझवण्याची साधने ही मालकाची. खुर्च्यांची मांडणी, आत सोडलेल्या माणसांची संख्या, रंगमंचावर लावलेल्या समया, बाहेरून आणलेला ध्वनिक्षेपक आणि जमिनीवरून ओढलेल्या त्याच्या वायरी, ही भाडेकऱ्याची. दरवाजे मात्र दोघांचे. मालकाने ते उघडता येण्याजोगे ठेवायचे आणि भाडेकऱ्याने ते उघडे ठेवायचे.

दरवाजे आणि खुर्च्या म्हटले की दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाची आठवण होते. १३ जून १९९७ रोजी तेथे ‘बॉर्डर’ चित्रपटाचा दुपारचा खेळ चालू असताना तळमजल्यावरच्या वाहनतळात बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली. हाच ट्रान्सफॉर्मर त्या दिवशी सकाळी बिघडला होता आणि कामचलाऊ दुरुस्ती करून पुन्हा चालू केला होता. आगीच्या ज्वाळा प्रेक्षागृहापर्यंत आल्या नाहीत, धूर आला. तो जिन्यावाटे वर चढला आणि बाल्कनीत कोंडला. ५९ माणसे मेली, ती भाजून नव्हे तर गुदमरून. शंभरावर जखमी झाली. खालच्या प्रेक्षकांपैकी बहुतेक बाहेर पडू शकले. बाल्कनीतल्यांना का पडता आले नाही? कारण उजव्या बाजूची येण्याजाण्याची वाट ज्यादा खुर्च्या बसवून बंद केली होती, आणि त्याच बाजूचा बाहेर जाण्याचा मार्ग आठ आसनांच्या एका खासगी बॉक्सने अडवला होता. त्या खुर्च्या बेकायदा रात्रीतून आणलेल्या नव्हत्या. त्यांना कधीकाळी सरकारी परवानगी मिळाली होती, ती पुढे रद्द झाली होती, त्यावर कोर्टकचेरी झाली होती. आणि ह्या सगळ्या वर्षांत त्या जागच्या जागी राहून तिकिटांचे पैसे मिळवीत होत्या.

भरपाईचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ साली दिला. मृतांपैकी वीस वर्षांवरील व्यक्तींच्या वारसांना १८ लाख आणि त्याहून लहानांच्या वारसांना १५ लाख रुपये ठरवले. चित्रपटगृहाच्या चालकांवर ५५ टक्के भार टाकला, आणि वीजमंडळ, महापालिका व परवाने देणारे पोलीस खाते ह्या तिघांवर प्रत्येकी १५ टक्के. शिवाय ज्यादा खुर्च्यांतून मिळवलेल्या पैशांचा हिशेब मांडून अडीच कोटींचा दंड बसवला. १३ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्यातले बरेच खाली आणले. रकमा १० लाख व साडेसात लाख झाल्या, दंड २५ लाखांवर आला, महापालिका आणि परवाना खाते सुटले. उरलेला भार चालकांवर ८५ टक्के आणि वीजमंडळावर १५ टक्के असा वाटला गेला.

महापालिका सुटली, ह्या गोष्टीवर मी मुद्दाम बोट ठेवतो. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने हयगय केली, एवढ्यावरून त्याला भरपाई द्यायला लावता येत नाही. त्याने ते दुष्ट हेतूने केले असे दिसावे लागते, असा त्या निकालाचा आशय आहे. मला स्वतःला हा निष्कर्ष फारसा पटलेला नाही. पण तो कायदा आहे, आणि आपल्यापुरता त्याचा अर्थ असा, की ‘सभागृहाला परवाना होता, आम्ही त्यावर विसंबलो’ असे म्हणून आयोजकाने आपली मान सोडवून घेता येईल असे धरून चालू नये.

आता आपल्याच व्याख्यानमालांचे पाहा. लोकप्रिय वक्ता असला की सभागृह भरते, लोक दाराशी उभे राहतात, आणि कार्यकर्ते कौतुकाने मधल्या वाटेत घडीच्या खुर्च्या टाकू लागतात. ज्येष्ठ मंडळी उभी राहू नयेत ही त्यामागची भावना चांगलीच असते. आत तिकीटही नसते, म्हणजे लोभाचा प्रश्न नाही. पण धुराला भावना कळत नाही. सभागृहाच्या नियमांत ‘आसनसंख्येपेक्षा अधिक श्रोते घेऊ नयेत, मार्गिकेत खुर्च्या ठेवू नयेत’ असे कलम बहुधा असतेच. आणि ते मोडल्यावर मालक न्यायालयात तेवढाच कागद पुढे करतो. त्या कागदावर सही आपली असते.

मांडव घातला म्हणजे हे प्रश्न मिटत नाहीत, वाढतात. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेचा वार्षिक समारंभ लग्नसमारंभाच्या आवारात शामियाना घालून चालला होता. आग लागली, शामियाना पेटून लोकांच्या अंगावर आला, बाहेर पडायला वाट अपुरी. ४४२ माणसे गेली, आणि त्यांत मुले फार होती. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २००९ साली भरपाई ठरवली तेव्हा तिचा भार केवळ जागेच्या मालकावर ठेवला नाही. शाळा चालवणारी संस्था आणि शासनही त्यात आले. समारंभ ज्याचा, तो ‘जागा आमची नव्हती’ म्हणून बाजूला होऊ शकला नाही.

महाराष्ट्रात आगप्रतिबंधाचा २००६ चा स्वतंत्र कायदा आहे. इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आगीची साधने चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, द्यावयाचे असते. सभागृह ठरवताना ह्या प्रमाणपत्राची प्रत मागणे हा आगाऊपणा नव्हे. मी एकदा ती मागितली तेव्हा कचेरीतल्या गृहस्थांनी माझ्याकडे, मी लग्नात मुलीचा पगार विचारावा तसे पाहिले. पण प्रत मिळाली.

भरपाई ही पैशांची गोष्ट झाली. फौजदारी बाजू ह्याहून वेगळी आहे. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास भारतीय दंडसंहितेच्या ३०४-अ कलमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या १०६ व्या कलमाने ही मर्यादा पाच वर्षांवर नेली. येथे नोंदलेल्या संस्थेचे कवच चालत नाही, विमा चालत नाही, आणि वारसांनी क्षमा केली म्हणून खटला आपोआप संपतही नाही.

विम्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. एका कार्यक्रमापुरता उत्तरदायित्वाचा विमा मिळतो; श्रोत्याला इजा झाल्यास दिवाणी भरपाईचा भार तो उचलतो. १९९१ चा जो ‘लोकदायित्व विमा कायदा’ आहे तो मात्र घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी आहे. नावावरून फसून पुष्कळ जण सभेशी त्याचा संबंध लावतात.

आता त्या प्रसिद्ध पाटीकडे येऊ: ‘येथे होणाऱ्या नुकसानीस व्यवस्थापन जबाबदार नाही.’ ही पाटी लावली की आपण मोकळे झालो, असे सभागृहाच्या चालकांना वाटते, आणि आश्चर्य म्हणजे श्रोत्यांनाही वाटते. मद्रास उच्च न्यायालयापुढे १९६० नंतरच्या काळात एका लाँड्रीचे प्रकरण आले होते. धुवायला दिलेली साडी हरवली. पावतीच्या मागे छापले होते, की कपडा हरवल्यास किमतीचा अगदी थोडा हिस्सा तेवढा मिळेल. न्यायालयाने हे कलम लोकहिताविरुद्ध म्हणून झुगारून दिले. असली अट चालू दिली तर नवे कपडे हरवून टाकणेच लाँड्रीवाल्याला किफायतीचे होईल. दुसरे प्रकरण मोटारीचे. १९९८ साली दिल्लीतील एका मोठ्या हॉटेलात पाहुण्याने गाडीची किल्ली दारावरच्या नोकराच्या हाती दिली, आणि गाडी चोरीस गेली. चिठ्ठीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले होते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किल्ली घेतली म्हणजे गाडी सांभाळायला घेतली. मग स्वतःच्या निष्काळजीपणाचे फळ अशा छापील ओळीने टाळता येत नाही. करार कायद्याचे १५१ वे कलम हेच सांगते. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की शहाणा मनुष्य आपल्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घेतली पाहिजे. म्हणून स्नेहसंमेलनात पिशव्या आणि हेल्मेटे टोकन देऊन ठेवून घेण्याची सोय करायची असेल तर तेथे माणूस बसवावा. तो बसवता येत नसेल तर सोयच करू नये. चपला दाराबाहेर ज्याच्या त्याने काढल्या, तर त्या कोणी सांभाळायला घेतलेल्या नाहीत. तेथे ज्याचे त्याने पाहावे.

पाटीची थोरली बहीण म्हणजे हमीपत्र. पावसाळ्यात गडावर किंवा धबधब्याला जाणारे गट हल्ली प्रत्येकाकडून ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे’ असे लिहून घेतात. ह्या कागदाला काहीच किंमत नाही असे मी म्हणणार नाही. जो धोका डोळ्यांसमोर आहे आणि जो मनुष्य समजून-उमजून पत्करतो, त्याबद्दल तो पुढे तक्रार करू शकत नाही, हे जुने तत्त्व आहे. ब्रुकलंड्सच्या मोटारशर्यतीत १९३० साली एक गाडी कठडा ओलांडून प्रेक्षकांत शिरली आणि दोघे ठार झाले. तो मार्ग १९०७ पासून चालू होता आणि तसा अपघात तोवर एकदाही झाला नव्हता. अपील न्यायालयाने आयोजकांना मुक्त केले. वाजवी काळजी त्यांनी घेतली होती, आणि शर्यत पाहायला जाणाऱ्याने तिच्या स्वाभाविक धोक्याचा काही वाटा उचललेला असतो. निसरड्या वाटेवर पाय घसरला, तर हा न्याय आयोजकाच्या बाजूने जाईल. पण कुजलेला दोर आयोजकाने आणला, ओढ्याला पूर येत असताना पलीकडे जाण्याचा आग्रह धरला, पन्नास माणसांमागे एकच माहीतगार ठेवला, तर ते धोके स्वाभाविक नव्हेत. ते आयोजकाने निर्माण केलेले आहेत, आणि ते कोणी पत्करलेले नसतात. अठरा वर्षांखालील मुलाची सही तर कागदावरची रेघ आहे. करार कायद्याच्या ११ व्या कलमाने त्याला करारच करता येत नाही. आणि फौजदारी कायद्यापुढे हमीपत्र दाखवून उपयोग नाही.

राहिल्या किरकोळ गोष्टी. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिनियमांचा दंडक उघड्या मैदानासाठी आहे. बंद सभागृहात आतल्या आत आवाज ठेवला तर तो तसा लागू होत नाही. सभागृहाचा स्वतःचा नियम अधिक कडक असू शकतो, तो पाळावाच लागतो. गाण्यांविषयी लोक उगीच घाबरतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर केलेल्या प्रयोगाला सूट आहे. ‘प्रवेशमूल्य’ हा शब्द टाळून ‘देणगी प्रवेशिका’ छापली की सूट मिळते, असा समज मात्र धोक्याचा आहे. दारावर पैसे दिल्याशिवाय आत सोडत नसाल तर नाव काहीही द्या.

आणि शेवटी, सभा झालीच नाही तर काय? १८६१ साली टेलर नावाच्या गृहस्थाने लंडनमधील सरे गार्डन्सचे संगीतगृह चार जलशांसाठी रोजी शंभर पौंडांनी ठरवले. पहिला जलसा १७ जूनला होता. ११ जूनला संगीतगृह जळून गेले. न्यायालयाने १८६३ साली ठरवले, की ज्या वास्तूच्या अस्तित्वावरच करार उभा होता ती कोणाच्याही दोषाविना नष्ट झाली, तेव्हा दोघेही मोकळे. टेलरला जाहिरातीचा खर्च परत मिळाला नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात हे तत्त्व ५६ व्या कलमात आले. आणि ६५ व्या कलमाने त्याला एक मोलाची पुस्ती जोडली, की करार निरर्थक झाला तर त्याखाली जे घेतले ते परत करावे. त्या कलमाच्या उदाहरणात एक गायक आहे. त्याने हजार रुपये आगाऊ घेतले आणि आजारपणामुळे त्याला गाता आले नाही. बुडालेल्या नफ्याची भरपाई तो देणे लागत नाही. पण हजार रुपये मात्र परत करायचे. २०२० च्या वसंतात टाळेबंदीमुळे सभागृहे बंद झाली आणि ठरलेले कार्यक्रम रद्द करण्याची पाळी आली, तेव्हा हाच प्रश्न अनेक आयोजकांपुढे उभा राहिला. सभागृहांनी अर्जामागचे ‘आगाऊ रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ हे कलम दाखवले. ते कलम आयोजकाने आपखुशीने कार्यक्रम रद्द केला तर लागू पडेल. सरकारी हुकमाने दारेच बंद झाली असता ते ६५ व्या कलमापुढे टिकावे असे मला वाटत नाही. मात्र मागणी लेखी करावी लागते, तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावावा लागतो, आणि पैसे दिल्याची पावती गटाच्या नावाने नव्हे तर ज्याने सही केली त्याच्या नावाने असली, म्हणजे निदान मागणारा कोण ह्यावर वाद होत नाही.